खुलासा : शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हेल्मेट लागतं

आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘बारा वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेटची सक्ती नाही.’ हे चुकीचं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घालावंच लागतं. पगडी घालणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. बारा वर्षांचा आकडा त्यात कुठेही नाही. चार वर्षांखालच्यांसाठी वेगळा नियम 15 फेब्रुवारी 2023पासून लागू आहे : मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस हवा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा आणि नऊ महिन्यांवरच्या बाळाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. बाबांचं मोठं हेल्मेट चालत नाही, झटक्यात ते डोक्यावरून निघून जातं.

रोज सकाळी शाळेच्या गेटपाशी बघते. स्कूटीवर पुढे, हँडलला धरून पिल्लू उभं, गळ्यात वॉटरबॅग, डोकं उघडं. अचानक ब्रेक लागला तर सगळ्यात आधी तेच आदळणार. ‘शाळा दोनच मिनिटांवर आहे’ म्हणणाऱ्या आयांनो, जीव तुटतो हो बघून. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.