थुंकायला बाटली की बघायला बॅटरी?

श्रीवर्धनात जीवना बंदराच्या वाटेवर आमचा कट्टा. परवा विषय काढला नजीरने. तो लॅबमध्ये कामाला, त्यामुळे नव्या टेस्टचं त्याला भारी कौतुक. "लाळ बाटलीत दिली की तोंडाचा कॅन्सर लवकर पकडता येतो. सुई नाही की काही नाही."

"गाव दिवसभर थुंकतंच आहे, बाटल्या पुरतील का ते बघ," अप्पा म्हणाले.

"पण थुंकीत दिसतं काय?" बबनने विचारलं. बबन बोटीवर खलाशी, गालात कायम तंबाखूची गोळी. (गुटखाबंदी 2012 पासून आहे म्हणे. टपरीवाल्याला कोणीतरी कळवा.)

नजीर रंगात आला. कॅन्सर झाला की लाळेतली काही प्रथिनं आणि आरएनए, म्हणजे जनुकांचे निरोप नेणारे रेणू, वाढतात. लॉस एंजेलिसचे संशोधक डेव्हिड वाँग यांच्या गटाने हे 2004 मध्येच दाखवलं होतं.

"मग आपल्या सरकारी दवाखान्यात अजून का नाही?" अप्पांनी नेमकं बोट ठेवलं.

नजीर अडखळला. आयएल-८ हे त्यातलं एक प्रथिन नुसत्या हिरड्या सुजल्या तरी वाढतं. आणि मिश्री लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या आमच्या गावात धड हिरड्या कोणाच्या? शिवाय संशय आला तरी खात्रीसाठी तुकडा काढून बायोप्सी करावीच लागते.

मला धास्ती वेगळीच. रिपोर्ट चांगला आला की बबन पुडी फोडायला मोकळा.

"फोडणारच!" बबन म्हणाला.

मी तिरुवनंतपुरमचा दाखला दिला. तिथे शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम. तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली छापून आलंय. आधी बॅटरी घ्या, बाटलीचं मग बघू.

"तोंड उघडून दाखवणार कोण? हा?" नजीरने बबनकडे बोट केलं. इथे मात्र तो बरोबर होता. जो डॉक्टरसमोर आ करायला घाबरतो, तो बाटलीत गुपचूप थुंकेल. तेवढ्यापुरती ती टेस्ट मला पटते.

"तंबाखूला काय ते बोला," अप्पा म्हणाले. त्यांची वाडी आहे, रोठा सुपारीची. "आमची सुपारी देवापुढे ठेवतात."

"ठेवा की. खाऊ नका," मी म्हटलं. "जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्यांत धरलीय. सुपारीनेच तोंड आखडतं, तिखट झोंबतं."

अप्पा भडकले. सुपारीचा दर, नारळावरचा रोग, निसर्ग वादळात आडवी झालेली झाडं, सगळं निघालं. त्यांचंही खोटं नव्हतं, पण विषय तो नव्हता.

तोंड किती उघडतं ते बघायला नजीरने बबनला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. दोन गेली, तिसरं अडकलं.

"झोंबतं का रे तिखट?"

"वर्षभर," बबन पुटपुटला, आणि लगेच म्हणाला, "तू ती बाटलीच आण ना."

बाटली नाही. सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे. स्कूटर अप्पांची, मागे धरून बसणार नजीर.