इची, नी, सान... शी!

कराटे शिकावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मला फक्त फी वाया जाऊ द्यायची नव्हती.

झालं असं, की जूनमध्ये आमच्या कन्येनं कराटेचा हट्ट धरला. वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने फुकट, असं कळल्यावर मी ती एकदम भरली. ‘एकदम भरलीत तर’ हे तीन शब्द कानावर पडले की माझी सारासार बुद्धी पुढच्या स्टेशनला उतरून जाते. ऑगस्टमध्ये कन्येला साक्षात्कार झाला, की आपला पिंड कथ्थकचा आहे. मी सरांना भेटलो. फी परत मिळत नाही हे पावतीवर छापलेलंच होतं, माझ्या चष्म्याला न दिसणाऱ्या अक्षरांत. “घरातलं दुसरं कोणी येणार असेल तर चालेल,” सर म्हणाले, “वयाची अट नाही.”

घरात दुसरं कोण? आई ७६ वर्षांची. बायको म्हणाली, “मला घरात पुरेशी मारामारी आहे.” उरलो मी. वय ४६, वजन ८३ आणि साखर बॉर्डरवर. बॉर्डरवर हा शब्द डॉक्टरांचा. ऐकल्यापासून मला रात्री सैन्याची हालचाल जाणवते.

बायकोनं ही बातमी त्याच संध्याकाळी साताऱ्याला माझ्या मावशीला कळवली. मावशी ८८ वर्षांची आहे आणि आमच्या घरातली कुठलीही गोष्ट तिला कळल्याशिवाय अधिकृत होत नाही. “अरे, तुझे आजोबा तालमीत जायचे ते सोळाव्या वर्षी,” मावशी म्हणाली. “या वयात माणसं कीर्तनाला जातात.”

क्लास डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. एका कोपऱ्यात गणेशोत्सवाचं मखर, दुसऱ्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या, मधल्या जागेत जपान. पहिल्या रविवारी पांढरा ड्रेस चढवून मी तिथे पोचलो तेव्हा तीन पालकांनी मला फीबद्दल विचारलं. मीच सर असा त्यांचा समज झाला होता. तो समज पुढची तीनच मिनिटं टिकला, कारण तेवढ्या वेळात मला पट्टा बांधायचा होता.

पट्टा बांधणं हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे. कमरेला दोन वेढे घ्यायचे, दोन्ही वेढे एकमेकांवर बसले पाहिजेत, गाठ बेंबीखाली आली पाहिजे आणि उरलेली टोकं सारख्या लांबीची हवीत. माझ्या बाबतीत टोकं उरणं हाच मुळात प्रश्न होता. शेवटी ऑरेंज बेल्टवाली एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इयत्ता तिसरी, दोन वेण्या. “काका, पोट आत घ्या,” ती म्हणाली. “अजून.” मग तिनं गाठ मारली आणि टोकं ताणून पाहिली. “हे एक टोक आई आणि हे बाबा. कोणी मोठं नाही, कोणी छोटं नाही.” तिला मी मनातल्या मनात नारिंगीबाई म्हणू लागलो. पुढचे सात महिने माझं खरं शिक्षण त्यांनीच केलं.

रांग बेल्टप्रमाणे लागते. ब्राऊन पहिले, व्हाइट शेवटी आणि व्हाइटमध्ये जो उशिरा आला तो सगळ्यांत शेवटी. माझ्या अलीकडे पहिलीतला एक मुलगा होता, पुढचे दोन दात पडलेला. तो जुलैत आला होता, म्हणून माझा सीनिअर. ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. इथे माझ्या मागे फक्त भिंत.

मग मोजणी. इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, जू. जपानी आकडे तसे सोपे, पण मराठी कानांना ते स्वस्थ बसू देत नाहीत. चार म्हणजे ‘शी’. पहिली-दुसरीतली पोरं हा आकडा इतक्या मनापासून ओरडतात, की समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येऊन खाली काय पडलंय ते बघतात. त्यात वडिलांकडून आम्ही मालवणचे. त्यामुळे ‘शी, गो’ हे दोन आकडे लागोपाठ ऐकले, की माझी आत्या बाजारात शिळा बांगडा हुंगून बघते आहे असं चित्र डोळ्यांसमोर येतं, आणि तेवढ्यात सगळे ‘रोकु’वर पोचलेले असतात.

पुढे ठोसे. एक मूठ समोर जाते तेव्हा दुसरी तेवढ्याच जोरात कमरेशी परत यायला हवी. याला हिकिते म्हणतात. एका हातानं दिलं तेवढं दुसऱ्या हातानं परत घ्यायचं. ही पद्धत क्लासच्या पावतीपुस्तकापर्यंत पोचलेली नाही, एवढीच माझी तक्रार. त्यानंतर किबा दाची: घोड्यावर मांड ठोकल्यासारखं उभं राहायचं, घोडा नसताना. पहिल्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात. दुसऱ्या मिनिटाला माणूस आपल्या पूर्वजांनी खरे घोडे का पाळले यावर विचार करतो. माझं वजन बघता घोडा नव्हता तेच बरं.

आणि शेवटी वज्रासनात बसून मोकुसो, म्हणजे डोळे मिटून शांत बसणं. एवढंच मला उत्तम जमायचं. पण दोन मिनिटांनी सर उठायला सांगत आणि गुडघ्याखालचे पाय उठायला तयार नसत. मी दात पडलेल्या सीनिअरच्या खांद्याचा आधार घेऊन उठायचो. तो निमूटपणे खांदा द्यायचा. खांदा देणं हा शब्दप्रयोग मी मुद्दामच केला आहे.

लोकलमध्ये मोबाइलवर कराटेचा इतिहास वाचायचा नादही याच काळात लागला. शोतोकान या कराटेच्या शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी १८६८ साली ओकिनावात जन्मले आणि पेशानं शाळामास्तर होते. १९२२ मध्ये टोकियोला प्रात्यक्षिक द्यायला गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते. म्हणजे माझ्या हातात अजून सात वर्षं आहेत, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मास्तर होते ना, मग रोज चालत शाळेत जात असतील.” त्याहून मन खचवणारी माहिती त्यांच्या गुरूंची. अंको इतोसु यांनी १९०१ मध्ये ओकिनावातल्या शाळेत कराटे आणलं आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी पाच सोपे काता बसवले. काता म्हणजे काल्पनिक शत्रूंशी ठरलेल्या क्रमानं केलेली लढाई. फुनाकोशींनी या पाचांना हेआन असं नाव दिलं. थोडक्यात, मला जे जमत नव्हतं ते शंभरावर वर्षांपूर्वीच खास लहान मुलांसाठी सोपं करून झालं होतं.

(जाता जाता: कराटे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये होतं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून गेलं. मी क्लास लावण्याशी याचा संबंध नसावा.)

डिसेंबरात बायकोनं माझा ड्रेस आणि पट्टा कन्येच्या कथ्थकच्या ओढणीबरोबर धुतला. पुढच्या रविवारी मी रांगेत उभा राहिल्यावर हॉलमध्ये शांतता पसरली. “सर,” दात पडलेला म्हणाला, “पिंक बेल्ट कितवा असतो?” सर खिडकीबाहेर बघत राहिले. ज्यूदोचे जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये दान ही पायरी आणली, काळा पट्टा त्यानंतरचा आणि रंगीत पट्टे रूढ झाले ते युरोपात ज्यूदो पसरल्यावर, एवढं माझं वाचून झालं होतं. गुलाबीचा उल्लेख कुठेही नव्हता. नारिंगीबाईंनी मात्र तो पट्टाही तितक्याच गंभीरपणे बांधून दिला.

या विद्येचा व्यवहारात उपयोग काय, असं लोक विचारतात. ऑफिसात झाला तो असा, की एका सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना मी दोन्ही हात मांडीला लावून कमरेतून वाकलो आणि “ओस!” म्हणालो. ओस म्हणजे हो, नमस्कार, समजलं, सगळं काही. साहेबांनी माझी रजा न मागता मंजूर केली. लोकलमध्ये किबा दाची खरोखर उपयोगी पडते. ठाण्यापर्यंत मी कशालाही न धरता उभा राहू लागलो. एकदा मात्र पाठीवर सॅक अडकवलेल्या एका पोरानं मला दोनदा ढकललं आणि वर “ओ काका, सरका ना” असं म्हणाला. फुनाकोशी सांगून गेलेत, कराटेत पहिला वार नसतो. मी वार केलाच नाही. पण रागानं माझी मूठ आपोआप कमरेशी गेली आणि मागे आलेलं कोपर एका गृहस्थांच्या डब्याच्या पिशवीत शिरलं. आमटीचा वास घाटकोपरपर्यंत येत होता. पहिल्या कोपराबद्दल नियम काय ते मला अजून सापडलेलं नाही.

मार्चमध्ये यलो बेल्टची परीक्षा आली. परीक्षेची फी वेगळी होती. मी पावती चष्मा पुसून पुन्हा वाचली. हे तर बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. पण एव्हाना एवढं दुखून घेतलं होतं, की ते दुखणं वसूल करायला परीक्षा देणं भाग होतं.

परीक्षेला काता होता हेआन शोदान. हालचाली एकवीस. गंमत अशी, की जिथे सुरुवात केली बरोबर तिथेच शेवट व्हायला हवा. सरावात माझा शेवट कधी मखरापाशी व्हायचा, कधी चपलांपाशी. मध्ये एक पाऊण गिरकी आहे, ती सगळे डावीकडून घेतात. मी उजवीकडून घ्यायचो आणि थेट दात पडलेल्याच्या नाकासमोर यायचो. तो हळूच म्हणायचा, “काका, तिकडे शत्रू आहे.”

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते. मोडक्यांतल्या त्यातल्या त्यात धड खुर्च्यांवर पालक बसले होते. पोरांचे आईवडील आले होते, तशी माझीही आई आली होती. शेजारी बायको आणि कन्या. माझं नाव पुकारलं. वाकलो. पहिली वळणं नीट झाली. मग तीन आगे उके, म्हणजे पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलाला हात डोक्यावर उचलून वार अडवायचा, आणि तिसऱ्याला किआई. किआई ही पोटातून काढायची आरोळी. ती मला सात महिन्यांत कधी जमली नव्हती. बावीस वर्षं ऑफिसात हळू आवाजात बोललेल्या माणसाच्या पोटात आरोळी उरत नाही. सरावात माझी किआई म्हणजे फार तर खाकरणं असायचं.

तिसरं पाऊल टाकलं आणि डाव्या पोटरीत गोळा आला.

“आई गंऽऽऽ!”

मखराचा थर्माकोल हलला असावा. खुर्च्यांमधून माझी आई उठून उभी राहिली. “काय रे? काय झालं?” बायकोनं तिला हात धरून खाली बसवलं. मी पुढच्या बारा हालचाली एका पायावर आणि देवाच्या भरवशावर केल्या. थांबलो तेव्हा सुरुवातीच्या जागेपासून फूटभर अंतरावर होतो. माझ्यापुरता तो विक्रम.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पोरांकडे वळले. “बघितलंत? किआई अशी पोटातून आली पाहिजे.” ती पोटातून नव्हे, पोटरीतून आली होती, हे मी कोणालाही सांगितलं नाही. सीनिअरही पास झाला. नारिंगीबाईंना ग्रीन बेल्ट मिळाला, पण मी त्यांचं नाव बदललेलं नाही. सरांनी कमरेला पिवळा पट्टा बांधून दिला (पट्ट्याचे पैसे वेगळे), आणि त्याच टेबलावर मी पुढच्या वर्षाची फी एकदम भरून टाकली. दोन महिने फुकट.

यलो बेल्टला नव्या लाथा शिकवतात. व्हाइटला नुसती समोरची असते. आता पाय बाजूनं गोल फिरवून मारायची लाथ, तिचं नाव मावाशी गेरी. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला दारावरची बेल वाजली. मी पोटरीला तेल चोळत होतो. दार कन्येनं उघडलं. बाहेर नारिंगीबाई, मागे दात पडलेला, आणि दोघांनी मिळून जिन्यात घुमेल अशा आवाजात मला हाक दिली:

“काका, लवकर चला! आज मावाशी गेरी!”

स्वयंपाकघरात गॅस बंद झाल्याचा आवाज आला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, चेहरा पांढराफटक. “कधी? काल रात्री तर माझ्याशी बोलल्या!” आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं साताऱ्याचा नंबर लावलासुद्धा.

फोन मावशीनंच उचलला.

“काय गं, एवढ्या सकाळी? कोण गेलं?”