खेळायला लागलं म्हणजे बरं झालं?

पावसाळा लागला की आमच्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एक निरोप हमखास फिरतो. यंदाही आला, कुणाच्या तरी नणंदेच्या गटातून, शेवटी जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा' असं लिहिलेला. मजकूर थोडक्यात असा: मुलाला उलट्या-जुलाब झाले तर घाबरू नका. उलटी थांबली, मूल खेळायला लागलं की आजार संपला. पोट बिघडतं ते बाहेरच्या खाण्याने, ते काही सर्दीसारखं एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दिवसभर लंघन करवा, जुलाब थांबवायची गोळी द्या, दप्तरात सॅनिटायझर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवा. चार मुलांत मिसळूनच प्रतिकारशक्ती वाढते. उगाच शाळा बुडवायची सवय लावू नका.

मी पहिली-दुसरीला शिकवते, एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही. पण ओकलेले बाक किती पुसले, याची मोजदाद केली तर भल्याभल्या डॉक्टरांना मागे टाकीन. म्हणून या निरोपातलं एकेक वाक्य हातात घेते. तो सगळाच खोटा असता तर बरं झालं असतं, कुणी वाचलाच नसता.

'उलटी थांबली, मूल खेळायला लागलं की आजार संपला.'

सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. लहान मुलं या बाबतीत फार फसवी असतात. पहाटे तीनदा ओकलेलं पोर दुपारी पलंगावर उड्या मारतं. आईला वाटतं, झालं, उद्या पाठवू. मुलाचा त्रास कमी झाला हे खरंच आहे. पण त्याच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या विषाणूला, पोर आता हसतंय की रडतंय, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

शाळेच्या वयात अचानक सुरू होणाऱ्या उलट्या-जुलाबांमागे पुष्कळदा नोरोव्हायरस असतो. तो शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. पण बरं वाटल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, तो शौचातून बाहेर पडत राहतो. दुसऱ्याला आजारी पाडायला त्याचे मोजके कण पुरतात, शंभराच्याही आतले. तेवढे कण नखाच्या कोपऱ्यात सहज मावतात, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं नखं कुरतडतात.

म्हणून ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने शाळांसाठी साधा नियम ठेवला आहे: शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब होऊन ४८ तास उलटल्याशिवाय मूल शाळेत नको. अमेरिकेत बऱ्याच शाळा २४ तासांवरही घेतात. आपल्याकडे असा नियम मला कुठल्या शाळेच्या सूचनाफलकावर आजवर दिसलेला नाही, म्हणून वर्गापुरता मी ४८ तासांचाच धरते.

इथे एक बाबा मला हमखास विचारतात, "मॅडम, विषाणू दोन आठवडे बाहेर पडतो म्हणता, मग ४८ तासांनी काय साधलं?" प्रश्न रास्त आहे. साधतं ते एवढंच, की आजार जोरात असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत विषाणू सर्वांत जास्त प्रमाणात बाहेर पडतो. शिवाय पातळ शी सहा वर्षांच्या पोराच्या हातात नसते. चड्डी, भांडं, नळ, कडी, सगळीकडे लागते. घट्ट शी झाली, धुता आलं, साबणाने हात धुतले की धोका बराच उतरतो. दोन आठवडे घरी ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. ४८ तास हा सौदा आहे, आणि मला तो पटतो.

मोजायचं कसं, तेही सांगते, कारण इथे सगळे एक दिवस खातात. सोमवारी रात्री नऊला शेवटचे जुलाब झाले, तर बुधवारी रात्री नऊला ४८ तास होतात. म्हणजे शाळा गुरुवारी. 'मंगळवार पूर्ण घरी ठेवलं की' म्हणून बुधवारी सकाळी आणून सोडलं, तर ते दीड दिवसच झालं. आणि मधे पुन्हा एकदा पातळ झालं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. उलटी थांबायला डॉक्टरांनी सिरप दिलं असेल, तर मी तरी औषध चालू असतानाचे तास धरत नाही. औषधाने उलटी दबते, विषाणू जात नाही.

'पोटाचं दुखणं एकाचं दुसऱ्याला लागत नाही.'

अर्धं खरं आहे म्हणून हे वाक्य टिकून राहिलंय. शिळ्या किंवा उघड्यावरच्या खाण्यात काही जिवाणूंचं विष आधीच तयार झालेलं असतं. ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत उलट्या सुरू होतात, साधारण दिवसभरात थांबतात, आणि शेजारच्या मुलाला ते लागत नाही. लग्नातल्या बासुंदीने अख्खं वऱ्हाड ओकतं, ते हे. पण आपल्या घरात झालंय ते हे की ते, हे आईला स्वयंपाकघरात उभं राहून कळत नाही. सगळं घर तेच जेवलं आणि एकटं पोरच ओकतंय, तर पाणीपुरीवाल्याला शिव्या देण्याआधी वर्गात आणखी कोण गैरहजर आहे ते विचारावं.

नोरोव्हायरस हे परदेशी जहाजांवरचं दुखणं आहे, असंही एकदा एका पालकांनी मला सुनावलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, हातापायांतलं बळ घालवणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि काहींत नोरोव्हायरसही. म्हणजे पाहुणा घरातलाच आहे.

लागतं कसं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट, शाळेचं नाव नको. सोमवारी एक मुलगी आली, चेहरा उतरलेला. आदल्या रात्री ओकली होती, पण 'सकाळी दूध पोटात राहिलं' म्हणून पाठवलेली. दुसऱ्या तासाला बाकावरच उलटी. मावशींनी नेहमीप्रमाणे मैदानातली माती आणून टाकली, कोरड्या केरसुणीने ओढली, वरून फडकं मारलं. मी उभी राहून करवून घेतलं. पुढचे बाक रिकामे करायचं सुचलं नाही, उलट मुलांना म्हटलं, 'नाक दाबा आणि पाढे म्हणा.' बुधवारी सात मुलं गैरहजर, बहुतेक त्या बाकाच्या मागची-पुढची. तिच्यामुळेच झालं, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तेव्हापासून केरसुणी बंद. उलटीचे बारीक शिंतोडे हवेतही उडतात आणि लांबवर जाऊन बसतात. आता आधी मुलं बाहेर, मग हातमोजे घालून कागदाने उचलणं, मग क्लोरीनच्या ब्लीचचं पाणी टाकून किमान पाच मिनिटं तसंच ठेवणं, मग पुसणं. नुसतं सुगंधी फिनेल टाकलं की वास जातो, एवढंच. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो.

'दप्तरात सॅनिटायझर ठेवा.'

करोनाने लावलेली ही सवय. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही, म्हणून सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीसेक सेकंद चोळून. साबण त्याला मारतो असंही नाही, हातावरून सुटा करून वाहून नेतो. आता शाळेच्या नळाशी साबण असतो का? आमच्याकडे वडी ठेवली की दुपारपर्यंत गायब. शेवटी जुन्या मोज्यात घालून नळाला बांधली. मोज्यासकट नेणारा अजून जन्माला यायचाय, असं मला वाटत होतं.

लंघन आणि गोळी, दोन्ही एकदमच घेते. मोठ्या माणसाने एक वेळ जेवण टाळलं तर काही बिघडत नाही. मुलाचं तसं नसतं. जुलाबांत त्याच्या अंगातलं पाणी आणि क्षार झरझर जातात. द्यायचं ते ओआरएस, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते. ती वाटीभर पाण्यात कालवून 'कडक' करायची नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करायचं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत साखर-मिठाचं पाणी कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजलं, आणि मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. हे औषध त्या तोलाचं आहे. दुकानात त्याच नावाने मिळणारी गोडमिट्ट रंगीत पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसं नाव वापरायला बंदी केली, ती उगाच नाही. सोबत पेज, मऊ वरणभात, ताक, केळं, मूल खाईल ते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात तोडायचं नाही. झिंक डॉक्टर देतात, ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं.

जुलाब थांबवायची गोळी आतड्याची हालचाल मंदावते. आत जे आहे ते आतच राहतं. लहान मुलाला ती आपल्या मनाने देऊच नये. आणि गेल्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची बाटली तर नाहीच. विषाणूवर ती चालत नाही.

'चार मुलांत मिसळूनच प्रतिकारशक्ती वाढते.'

नोरोव्हायरसचे प्रकार पुष्कळ. एकदा होऊन गेला तरी मिळणारं संरक्षण फार काळ टिकत नाही, पुढच्या वर्षी दुसरा प्रकार येतो आणि पोर पुन्हा बादलीपाशी. रोटाव्हायरसपासून (हाही जुलाबांचाच एक विषाणू) बाळाला वाचवायचं तर सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट लस मिळते. त्यासाठी माझा वर्ग नको. शिवाय मुलं इथून आजार घेऊन जातात कुठे? घरी, जिथे सहा महिन्यांचा भाऊ असतो आणि ऐंशीची आजी. त्या दोघांना सुकायला वेळ लागत नाही.

आता उलट टोकाच्या आयांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर त्या हा लेख पुढे पाठवून दहा दिवस घरी बसवतील. बस लागून झालेली उलटी, खोकल्याच्या उबळीत पडलेला घास, यांना ४८ तास नकोत. जुलाब बहुतेक पाच ते सात दिवसांत थांबतात, काहींचे दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळतात. कधी आजारानंतर काही दिवस दूध पचत नाही म्हणून शी पातळ राहते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ठरवावं. शौचात रक्त, उतरत नसलेला ताप, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, पोर मलूल पडलंय, तर शाळेचा विषय बाजूला आणि आधी दवाखाना. कावीळ ब किंवा क नव्हे, दूषित पाण्याने होणारी अ असेल, तर डोळे पिवळे झाल्यापासून आठवडाभर घरी. टायफॉइड असेल तर परत कधी पाठवायचं ते डॉक्टरच सांगतील. बाकी साध्या उलट्या-जुलाबांना शाळेने 'फिट सर्टिफिकेट' मागणं मला पटत नाही. फी जाते, आणि डॉक्टरांनाही विषाणू काही डोळ्यांनी दिसत नाही.

परत आल्यावर पहिले काही दिवस डब्याची अंगतपंगत बंद, आपला डबा आपण खायचा. पोषण आहार वाढायच्या पाळीतूनही त्या मुलाला मी वगळते.

राहिलं 'शाळा बुडवायची सवय'. हे वाक्य लिहिणाऱ्याला मी फार दोष देत नाही, कारण ते त्याला शाळांनीच शिकवलंय. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस कोण देतं? स्नेहसंमेलनात टाळ्या कोण वाजवतं? बाकावर ओकलेल्या त्या मुलीच्या आईने पुढे मला सांगितलं, "बाई, चार घरची कामं करते. एक खाडा केला की पैसे कापतात, आणि तिला ते पदक पाहिजे होतं." त्या सोमवारी मनात मी तिला नावं ठेवली होती.

आमच्या शाळेत ते पदक अजून आहे. मी फक्त माझ्या वर्गापुरतं मुख्याध्यापकांना सांगून थांबवलं, आणि वाचलेल्या पैशांत साबणाच्या बारा वड्या आणि सहा जोड मोजे आणले. त्यातले दोन जोड वड्यांसकट गेले.