कोड सगळ्यांचा, पण मालकी कोणाची?

खुल्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वापरू, बदलू आणि वाटू शकतं त्यातून, कोणी पैसे कमवू नयेत असं म्हणणारे मला पटत नाहीत. मी सांगली-मिरज-कऱ्हाड पट्ट्यातल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांना कोहा हे ग्रंथालय चालवायचं खुलं सॉफ्टवेअर बसवून देतो, त्याचे पैसे घेतो, घर त्यावर चालतं. कोहा ज्या जीपीएल या खुल्या परवान्याखाली मिळतं, त्यानं विक्रीला कधीच आडकाठी केलेली नाही. मला राग येतो तो अनेकांनी मिळून उभं केलेलं काम एकानं आपल्या ताब्यात घेतलं की.

ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीनं टेराफॉर्म या क्लाउडवरची यंत्रणा उभारायच्या आपल्या खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला आणि पुढच्या आवृत्त्यांवर स्पर्धकांना बंदी घातली. बाहेरून कोड पाठवणाऱ्यांकडून आधीच, कंपनीला तसा हक्क देणाऱ्या करारावर संमती घेतलेली, त्यामुळे पुन्हा कोणाला विचारायची गरजच नव्हती. क्लाउडवाल्या बड्या कंपन्या आयता कोड वापरून कमावतात आणि परत काही देत नाहीत, ही अशा कंपन्यांची तक्रार खोटी नाही. पण म्हणून ज्यांनी फुकट राबून कोड दिला, त्यांनाच दाराबाहेर ठेवायचं? लोकांनी जुन्या, खुल्या कोडवरून ओपनटोफू हे वेगळं सॉफ्टवेअर उभं केलं, ते बरं झालं. लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, परवाना असा एकट्यानं बदलणं जवळपास अशक्य, कारण त्याचा कॉपीराइट हजारो जणांत विखुरलेला आहे.

आपल्या भागात हे कळायला जड जाऊ नये. शेतकऱ्यानं शेअर घेतला, ऊस घातला, म्हणून सहकारी कारखाना उभा राहिला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. साखर बाजारात विकावी लागते, कामगारांना पगार द्यावा लागतो, त्यानं सहकार बुडत नाही. कारखाना लिलावात निघून खासगी होतो, तेव्हा सभासदाच्या हातात काय उरतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय.

कोहाची गोष्ट तर प्रत्येक ग्रंथपालाला माहीत असावी. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टनं ते बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये वापरात आणलं आणि जीपीएलखाली सगळ्यांना देऊन टाकलं. पुढे त्याच देशात ‘कोहा’ या नावाच्या ट्रेडमार्कसाठी एका अमेरिकन कंपनीनं अर्ज केला. लढायला पैसे नाहीत म्हणून २०११ मध्ये ट्रस्टला जाहीरपणे मदत मागावी लागली. अर्ज अखेर फेटाळला गेला, पण त्यात २०१३ साल उजाडलं. कोड खुला होता, तरी नावासाठी एवढं झगडावं लागलं!

म्हणून सांगलीच्या वालचंद आणि कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवण्याच्या उत्साहात करारावर डोळे झाकून ‘मान्य’ करू नका. परवाना बदलण्याचा अधिकार कोणाला देताय, ट्रेडमार्क संस्थेकडे आहे की कंपनीकडे, हे आधी बघा. कंपनीकडे असेल तरी काम करा, पण जाणून करा.

आणि माझ्यासारख्या कोहावर पोट भरणाऱ्यांनो, कॉलेजसाठी केलेली दुरुस्ती स्वतःच्या लॅपटॉपवर दडवून ठेवू नका. कोहाच्या चुका नोंदवायच्या बगझिला या साइटवर नोंदवा, पॅच पाठवा. त्या कामाचे तास कोटेशनमध्ये वेगळे दाखवा. नीट समजावून सांगितलं तर प्राचार्य मंजूर करतात, हा माझा अनुभव आहे.