‘दुकानदारी’ या एका शब्दाबद्दल

गेल्या आठवड्यात मी बोटीवरच्या जीपीएस प्लॉटरचा (समुद्रात बोटीची जागा आणि वाट दाखवणाऱ्या स्क्रीनचा) टच आपोआप का उडतो, म्हणजे हात न लावलेल्या जागीही तो का लागतो, यावर लिहिलं होतं. इन्व्हर्टर, आल्टर्नेटर, चार्जर यांचा इलेक्ट्रिकल नॉईज, म्हणजे वायरींमधून पसरणारी विजेची नको ती थरथर, हे त्याचं मुख्य कारण, असं माझं म्हणणं. त्यावर ‘एक इंजिनिअर’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली. फायबरच्या बोटीला अर्थिंगच नसतं, मग नॉईज कुठला? स्क्रीनवर खारं पाणी उडतं म्हणून ती वेडी होते. क्लिपवाला फेराइट कोर (नॉईज अडवायला वायरवर चढवायचं चुंबकीय कडं) या कामाला निरुपयोगी. चांगला डिस्प्ले घेतला की काही करावं लागत नाही. आणि शेवटी: “दुकानदाराने दुकानदारी करावी, लोकांना फिजिक्स शिकवू नये.”

आधी शेवटच्या वाक्याचं बोलतो, कारण ते वाचून रात्री झोप लागली नाही.

मी मिरकरवाडा बंदराजवळ २३ वर्षं रिपेअरिंग करतोय. वडील ट्रॉलरवर खलाशी होते. आयटीआय करून मी टेबल टाकलं तेव्हा माझ्याकडे वायरलेस सेट आणि बटणांचे फिश फाइंडर यायचे. पहिला टचवाला प्लॉटर आला तेव्हा तो कसा चालतो हे सांगणारं रत्नागिरीत मला कोणी भेटलं नाही. टच कंट्रोलरची डेटाशीट शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, एकेक पान तीन-तीनदा. दुकान आहे, त्याची मला लाज नाही. पण ‘दुकानदारी’ हा शब्द तुम्ही ज्या अर्थाने लिहिलात तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या नाखवाची बोट मी दुरुस्त करतो तो मला दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावात भेटतो. त्याला फसवून मी इथे महिनाभरही टिकणार नाही. खरं नाव न लिहिता प्रतिक्रिया देणाऱ्याला तो धाक नसतो. आणि जी फेराइटची रिंग मी ‘घाबरवून खपवतो’ असं तुम्ही सुचवलंत, तिच्या विक्रीवर माझं घर चालत नाही.

आता खारं पाणी. पाण्याने टच बिघडतो, हे मीच लेखात लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलं नसावं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे ते वीज चांगलीच वाहून नेतं. काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते, आडव्या आणि उभ्या. जिथे त्या एकमेकींवरून जातात तिथे जेमतेम एक-दोन पिकोफॅरडचं, म्हणजे अगदीच थोडं, कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) असतं. काचेला हाताचं बोट टेकलं की त्यातला छोटासा हिस्सा कमी होतो, आणि चिप तेवढाच फरक मोजते. थेंबाने तो फरक पडू शकतो, मान्य. पण थेंबाचा खोटा टच थेंब असेल तिथेच राहतो आणि फडक्याने पुसला की जातो.

नॉईजचा टच तसा नसतो. तो बहुतेक वेळा बोट टेकल्यावरच येतो, आणि ज्या तारेवर बोट आहे तिच्याच रेषेत वर-खाली उड्या मारतो. कारण नॉईज बोटावाटेच त्या तारेत शिरतो. घरी हाच अनुभव मोबाईलला येतो. स्वस्त चार्जरमध्ये मेनची बाजू आणि मोबाईलची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून थोडा नॉईज मोबाईलकडे गळतो. सगळा मोबाईलच जमिनीच्या तुलनेत थरथरत असतो म्हणा. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून स्क्रीनला हात लावा, मग चपला घालून लावा. बऱ्याच चार्जरांवर फरक दिसतो. चार्जर काढला की सगळं शांत. पाणी चार्जर काढल्यावर सुकतं का?

गेल्या सप्टेंबरमध्ये एक बोट आली होती. नाखवाने मुंबईहून डिस्प्ले बदलून आणला होता, तरी टच उडत होता, आणि त्याला ‘पाणी लागू देऊ नका’ एवढंच सांगितलं गेलं होतं. तुम्ही सांगता तेच. भर दुपारी, बोट धक्क्याला बांधलेली असताना, मी काच कोरड्या फडक्याने पुसली. दिव्यांचा इन्व्हर्टर चालू केला की टच उडायचा, बंद केला की थांबायचा. वीसेक वेळा करून पाहिलं. नाखवा शेजारी उभा होता. प्लॉटरची सप्लाय वायर इन्व्हर्टरच्या जाड केबलला चिकटून, एकाच पट्ट्याने बांधलेली होती. ती सोडवली, बॅटरीपासून वेगळी पीळ दिलेली जोडवायर ओढली, आणि प्लॉटरची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला एकाच जागी जोडली. त्यानंतर तो नाखवा या तक्रारीसाठी परत आलेला नाही.

फायबरच्या बोटीला अर्थिंग नसतं, हेही अर्धंच खरं. फायबर वीज वाहत नाही, पण इंजिनाचा ब्लॉक, त्याला जोडलेला शाफ्ट आणि पाण्यात फिरणारा पंखा, हे सगळं धातूचं. बऱ्याच बोटींवर बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनालाच जोडलेलं असतं. म्हणजे ती बोट अख्ख्या समुद्राला जोडलेली आहे. आमच्याकडे जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, तेव्हा कुठे ते जेमतेम टिकतं. बोटीखाली तर सगळा समुद्रच आहे. आणि खलाशी ओल्या डेकवर अनवाणी उभा असतो, त्या ओल्या लादीवरच्या माणसासारखाच, म्हणजे नॉईजला त्याच्या हाताच्या बोटातून वाट मिळते. तुम्ही कधी चालू इंजिनाच्या बोटीवर जाऊन प्लॉटरला हात लावला आहे का? हा प्रश्न मी रागाने विचारतोय हे मला कळतंय, पण विचारतोय.

फेराइटबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ‘एक क्लिप लावली की झालं’ हे माझं वाक्य ढिसाळ होतं. टचचं मोजमाप साधारण १०० ते ५०० किलोहर्ट्झच्या आसपास चालतं, आणि वायर एकदाच आतून गेलेली क्लिप तिथे फारसं काही करत नाही. तिथे मँगनीज-झिंकची मोठी रिंग आणि वायरचे पाच-सहा वेढे लागतात. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. वायरलेसवर बोलताना १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास २५ वॅटपर्यंत बाहेर पडतात, त्याने उडणाऱ्या टचला क्लिप चालते. मी तोच अनुभव सगळीकडे लावला. वाक्य दुरुस्त केलं आहे. लेखाचा मुद्दा त्याने बदलत नाही.

चांगल्या डिस्प्लेचं म्हणाल, तर त्या नाखवाचा डिस्प्ले चांगलाच होता. चांगली चिप नॉईज दिसला की फ्रिक्वेन्सी बदलते, पण नॉईज सगळ्या पट्ट्यात पसरलेला असेल तर ती जाणार कुठे? बाकी माझ्या शुद्धलेखनावर तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पावसाळी बंदी उठायच्या आधी बोटींची वायरिंग तपासायला मी रोज सकाळी धक्क्यावर असतो. या. इन्व्हर्टरचं बटण तुम्ही दाबा, आणि काच पुसायला फडकं तुम्हीच घरून आणा, म्हणजे ती कोरडी होती की नाही यावर पुन्हा वाद नको.