दहा हजार लिटरच्या टाकीत हजार मासे: एका हिशेबाचा प्रतिवाद

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक हिशेब फिरतो आहे. दहा हजार लिटरच्या टाकीत हजार बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडा, हवेचा पंप चालू ठेवा, सहा महिन्यांत प्रत्येक मासा अर्धा किलोचा होऊन अर्धा टन माल निघेल. मासा कोणताही चालेल आणि बायोफ्लॉकमुळे, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणूंचे पुंजके टाकीतच वाढवण्याच्या पद्धतीमुळे, पाणी बदलावे लागणार नाही. दुष्काळाने पोळलेला माणूस कमी पाण्यातल्या धंद्याकडे मोठ्या आशेने पाहतो, म्हणूनच या हिशेबातील चुका सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

मासे दुप्पट सोडले की वजनही दुप्पट मिळते, हे पहिले गृहीतक. टाकीतील एकूण वजन एका मर्यादेपर्यंत वाढते हे खरे. पण गर्दी वाढते तशी प्रत्येक माशाची वाढ मंदावते, दांडगे मासे खाद्य पटकावतात आणि बाकीचे खुरटतात. समजा, पाचशे मासे 600 ग्रॅमचे झाले तर 300 किलो होतात, आणि हजार मासे 320 ग्रॅमवरच अडले तर 320 किलो. वीस किलोंसाठी बीजाचा खर्च दुप्पट झाला, शिवाय लहान माशाला भावही कमी मिळतो.

सर्वांत मोठा धोका मात्र पंपावरील भरवशात आहे. 30 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीत सुमारे 75 ग्रॅम. एक किलो मासे तासाला 200 मिलिग्रॅम प्राणवायू घेतात असे धरले, तर 500 किलो मासे तासाला 100 ग्रॅम घेतील. वीज गेल्यावर हा साठा पाऊण तासही पुरत नाही, कारण मासे त्याच्या बरेच आधी गुदमरू लागतात आणि बायोफ्लॉकमधील जिवाणूही त्याच साठ्यातून श्वास घेतात. शेतीपंपाच्या जोडणीवर चोवीस तास वीज नसते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

‘मासा कोणताही चालेल’ हे तर सरळ चूक आहे. पंगस पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून तो दाटीत तगतो. रोहू आणि कटला यांना ती सोय नाही.

आता पाणी. 500 किलो माशांना वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज दहा किलो खाद्य लागते. त्यात 30 टक्के प्रथिने असतील तर त्यातून सुमारे 275 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातले नायट्रोजन) पाण्यात उतरते, म्हणजे लिटरमागे रोज 27 मिलिग्रॅम. बायोफ्लॉक हे ओझे उचलू शकते, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी जिवाणूंना खाद्य म्हणून गूळ किंवा मळी (मोलॅसिस), पाण्यात पुरेशी क्षारता (अल्कलिनिटी) आणि रोजची तपासणी लागते. पाण्याचा सामू (पीएच) 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो, आणि मासा मरण्याच्या कितीतरी आधी त्याचे खाणे कमी होते.

याचा अर्थ मासे जितके विरळ तितके चांगले, असाही नाही. फार विरळ टाकीत चिलापी (तिलापिया) माशाचे नर हद्दीसाठी भांडतात. हिशेब शेवटच्या वजनापासून उलटा मांडावा. ऐन उन्हाळ्यात, आपल्या विजेच्या सोयीवर, टाकी 200 किलो मासे सुखरूप सांभाळेल असा अंदाज असेल आणि विक्रीचे वजन अर्धा किलो असेल, तर चारशे मासे आणि मरतुकीसाठी आणखी चाळीस सोडावेत, आणि दर पंधरवड्याला नमुन्याचे मासे तोलून खाद्य ठरवावे.