“काका, दहा लाख आहेत, कोणता धंदा टाकू?”

गेल्या महिन्याभरात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला. या वेळी विचारणारा आमच्या भावकीतलाच, डिप्लोमा झालेला पोरगा. सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे धातूचे पार्ट कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन, घेऊन जॉबवर्क करायचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे पार्ट बनवून द्यायचे, असं त्याच्या डोक्यात आहे. आधीचे दोघे चहाच्या फ्रँचायझीवाले. त्यांच्याबद्दल आत्ता नको.

मला विचारतात, कारण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत अकरा वर्षं असंच जॉबवर्कचं मशीनशॉप चालवून मी ते बंद केलं. आता चटणी कांडप आणि पिठाची गिरणी चालवतो. (लग्नाकार्यात कुणी विचारलं तर आमची ही अजून ‘फूड प्रोसेसिंग’ म्हणून सांगते.)

सगळ्यांचा पहिला सवाल, “मार्जिन कशात आहे?” अरे, मशीनशॉपमध्ये होतं की मार्जिन! कागदावर झकास दिसायचं. महिन्याला साडेतीन लाखांचं बिल. काम देणाऱ्या कंपनीकडून पैसे नव्वद दिवसांनी. तेही बोलायला नव्वद, कारण दिवस मोजायचे ते त्यांच्या स्टोअरनं माल जमा दाखवल्यापासून. म्हणजे कायम दहा लाखांच्या वर रक्कम तिकडं अडकलेली. इकडं पगार सात तारखेला, मग लाइट बिल, मशीनचा हप्ता. आणि जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, बिलाचे पैसे आलेले असोत नाहीतर नसोत. माझ्या शंभरपट मोठ्या कंपनीला मी बिनव्याजी पैसे वापरायला देत होतो, आणि त्यासाठी स्वतः बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीची उचल) काढून व्याज भरत होतो.

कायदा नाही का? आहे. 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही पाचर मारलीय. छोट्या उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला ते पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येतं. चांगलंच आहे. पण माझं निम्म्याहून जास्त काम एकाच दारातनं यायचं. त्याच दाराविरुद्ध तक्रार टाकून दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग मागायला कुठं जायचं?

आता कांडपाचं बघा. मिरची गिऱ्हाइकाची. खोबरं, धणे, तीळ घरनं भाजून आणणार, कांदा-लसूणही त्यांचाच. माझी मशीन, वीज आणि मदतीला दोन बायका. डबा भरला की पैसे हातात. माल पडून राहायची भीतीच नाही.

सुख आहे असं समजू नका. पहिल्या वर्षी मिरचीच्या ठसक्यानं सोडून द्यावंसं वाटलं होतं. शेजारी भांडतो. मार्च ते मे रांग, पावसाळ्यात ज्वारी-गव्हाच्या दळणावर भागवायचं. आणि प्रत्येक मावशी मशीनपाशी उभी, “आधी कुणाची कांडलीस? तिखटजाळ होती का? माझी ब्याडगी हाय बरं!” हा त्रास मला झेपतो. अकाउंट्सच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसणं झेपत नव्हतं.

यावर हा व्हीएमसीवाला पोरगा म्हणाला, “काका, असा विचार केला असता तर किर्लोस्करांनी नांगर काढलाच नसता.” बरोबर आहे. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. तो खपवायला त्यांची दमछाक झाली. पण लक्ष्मणरावांनी सुरुवात नांगरानं केली नव्हती. 1888 मध्ये बेळगावात आधी सायकलींचं दुकान निघालं. विक्री, दुरुस्ती. मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. किर्लोस्करवाडी तर 1910 ची. नांगराची गोष्ट सगळे सांगतात, सायकलच्या दुकानाची कुणी सांगत नाही.

व्हीएमसी घेऊ नकोस असं मी त्याला म्हटलेलं नाही. त्याचा हात चांगला आहे, मी बघितलाय. फक्त म्हटलं, मशीन बघायला राजकोटला जायच्या आधी ज्या तीन ठिकाणी काम मिळणार म्हणतोस, तिथल्या जुन्या जॉबवर्कवाल्यांना चहाला बोलव. मागचं बिल कधी दिलं आणि पैसे कधी आले, एवढंच विचार.

काल त्याचा फोन आला. मशीनचा व्हिडिओ पाठवलाय म्हणाला. चहाचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, “पुढच्या आठवड्यात बघतो.”